थापटण्याचा न्याय



तेरच्या संत गोरोबाकाकांची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी जमलेल्या प्रत्येक संताच्या मस्तकावर थापटणे मारून पाहिले. मान्यवर म्हणून सूट कोणालाही नव्हती. कच्चे ठरले ते साक्षात नामदेव! प्रौढ दिव्यांगांच्या मातीकाम कार्यशाळेत हाच न्याय हवा.

शाळेचे वय सरले की अनेक दिव्यांगांच्या वाट्याला घराचा कोपरा येतो. माती त्यांना कामाला बोलावते. दृष्टिहीनाची बोटे काठाची जाडी जोखतात. चाक फिरवणे ज्याला जमत नाही, तो मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडे उभे करतो. मात्र ओले भांडे घाईने भट्टीत गेले तर फुटते. घडवणारा कोण, हे अग्नी विचारत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली. कायदा हक्क देतो. कारागिराचा मान समाजानेच द्यायचा असतो. म्हणून दिवाळीत त्यांची पणती दयेपोटी घेऊ नये. ती नीट बसते का, तेल धरते का, हे पाहावे. उणे असेल तर स्पष्ट सांगावे. नसेल तर घासाघीस न करता पुरते मोल मोजावे. खरा सन्मान तोच!