आकडा मोबाईलमध्ये आला
(सोलापूर येथील कार्यकर्त्यांपुढील भाषण)



मटक्याचा उगम कापसाच्या भावात आहे. न्यूयॉर्कहून येणाऱ्या दरांवर मुंबईत आकडा लागे. ते थांबल्यावर १९६० च्या दशकात चिठ्ठ्या निघू लागल्या आणि गिरणी कामगारांचे पगार त्यात गेले. आपल्या सोलापूरच्या बहुतेक गिरण्यांचे भोंगे पुढे थांबले, आकडा थांबला नाही.

२०२५ साली संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, हे योग्यच झाले. परंतु ज्या खेळात पैसा परत मिळतच नाही, केवळ जातो, तो 'करमणूक' म्हणून मोकळा राहिला! तेथे मुलगा रुपये देऊन हिरे घेतो, हिऱ्यांनी बंद पेटी घेतो. आत काय आहे, हे उघडेपर्यंत कळत नाही. रुपयाचा एकदा हिरा झाला की खर्चाची बोच उरत नाही. बेल्जियमने २०१८ मध्येच काही खेळांतील अशा विकतच्या पेट्यांना जुगार ठरविले.

आईने दिवसभर विड्या वळून मिळविलेली मजुरी येथे एका बोटाने जाते. (विडीवर जगणाऱ्या शहराने व्यसनाविरुद्ध बोलावे, यातील विसंगती मला दिसते, पण विडीचा नफा वळणारीच्या घरी कधी आला?)

मुलाला उधळ्या म्हणणे सोपे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या वर्गीकरणात मात्र या खेळांचा अनिवार नाद विकार म्हणून नोंदलेला आहे. तेव्हा वस्तीवस्तीतील बैठकांत या खर्चाचा हिशेब न लाजता मांडू द्या, आणि अल्पवयीनांना बंद पेटी विकण्यास मनाई, ही मागणी आपल्या पुढील निवेदनात घाला.