पेटीच्या पट्ट्या आणि बावीस श्रुती

सुरतेजवळच्या उधन्यात, जळगावकडून येणाऱ्या लोहमार्गाच्या अखेरीस, खानदेशातील अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत. अशा वस्तीत भजन म्हटले की पेटी आलीच. बुवांचा षड्ज काळी दोनचा, तर बाईंचा काळी पाचचा. पेटीवाला सहज पट्टी बदलतो. परंतु या सोयीचे मोल सुरांना द्यावे लागते.

पेटीचे सप्तक बहुधा बारा समान भागांत लावलेले असते. सप्तकाचे १२०० सूक्ष्म अंश कल्पिले, तर तंबोऱ्यातून उमटणारा गांधार षड्जापासून सुमारे ३८६ अंशांवर येतो. पेटीचा मात्र ४०० वर. हा चढेपणा तयार कानाला टोचतो. शुद्ध धैवताच्या तर ८८४ आणि ९०६ अशा दोन जागा; पेटीत दोहोंसाठी पट्टी एकच, ९०० अंशांची.

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे ई. क्लेमंट्स या न्यायाधीशांच्या साहाय्याने श्रुतींची पेटीही सिद्ध झाली. १९१६ च्या बडोदे संगीत परिषदेत तिच्यावर वाद झाला. जमलेल्या पंडितांचे समाधान मात्र झाले नाही.

श्रुती वाढविणे एक वेळ सोपे. त्यांची मांडणी कठीण. एका षड्जासाठी बसविलेल्या श्रुती षड्ज हलताच चुकतात आणि बोटांची वळणेही बदलतात. इंग्लंडात बोझँके यांनी १८७० नंतर यावर उपाय काढला. सप्तकाचे ५३ समान भाग करून त्यांनी पट्ट्या तिरप्या, चढत्या ओळींत रचल्या. त्या हिशेबाने गांधार सतराव्या भागावर आणि दोन धैवत एकोणचाळिसाव्या व चाळिसाव्या भागांवर येतात. षड्ज कोठेही धरा, गांधार त्याच दिशेस, तितक्याच अंतरावर सापडतो. एकदा बसलेला हात सर्वत्र चालतो.

मात्र इतक्या पट्ट्यांची पेटी गल्लीतल्या भजनाला कोण नेणार? डॉ. विद्याधर ओक यांनी अलीकडे बावीस श्रुतींच्या पेटीत वेगळी वाट धरली : पट्ट्या नेहमीच्याच ठेवून श्रुतीची निवड खुंटीवर सोपविली. येथे हात जुनाच राहतो. परंतु वादनापूर्वी रागाचा विचार करावा लागतो.

मींड यांपैकी कोणत्याही पेटीतून निघत नाही. १९४० साली नभोवाणीने पेटीला दूर सारले, त्यामागे असेच आक्षेप होते. १९७१ पासून तो निर्बंध सैल झाला. म्हणून मांडणी निवडताना आधी गाणाऱ्याकडे पाहावे. जेथे दर अभंगाला षड्ज बदलतो, तेथे सारखी रचना उपकारक. जेथे एकच राग तासभर उलगडतो, तेथे नेमकी श्रुती. पट्ट्या कितीही असोत, अखेरचा निवाडा तंबोऱ्याशेजारी बसलेल्या कानानेच करावयाचा असतो.