एका वेळी एकच गोळी बदला

'अंगात कसच राहिला नाही' ही तक्रार अमरावती-अकोल्याच्या दवाखान्यांत रोज ऐकू येते. बहुतेक वेळा तिचं कारण सापडतं. रक्त कमी असतं, थायरॉइड बिघडलेलं असतं, साखर वाढलेली असते, कधी क्षयरोग असतो, बी-१२ची कमतरता असते, मेळघाटाच्या बाजूला सिकलसेलही असतो. या तपासण्या आधी झाल्याच पाहिजेत, कारण यातल्या प्रत्येकावर उपाय आहे. पण सगळे रिपोर्ट नीट आल्यावरही काही माणसं उठत नाहीत. सहा महिने उलटून जातात, रात्रभर झोपूनही सकाळी ताजेपणा नसतो, बोलताना शब्द आठवत नाहीत, उभं राहिलं की गरगरतं, आणि थोडं जास्त काम झालं की पुढचे कित्येक दिवस अंथरुण सुटत नाही. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली याच लक्षणांवरून या आजाराच्या खुणा ठरवल्या. डॉक्टर त्याला क्रॉनिक फटिग सिंड्रोम किंवा एमई-सीएफएस म्हणतात. अनेकांना तो एखाद्या विषाणूच्या तापानंतर जडतो, आणि असे ताप वऱ्हाडाने भरपूर पाहिले आहेत. २००६ साली देशात चिकुनगुनियाचे तेरा लाखांवर संशयित रुग्ण नोंदले गेले, त्यात विदर्भही होता. फेब्रुवारी २०२१मध्ये कोरोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात उसळली, ती अमरावती-अकोल्याकडूनच. तापातून उठलेल्या पण थकव्यातून न उठलेल्या माणसांच्या औषधांबद्दल आज बोलायचं आहे.

हा आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. झोप, दुखणं, चक्कर, धडधड यांवर मात्र औषधं दिली जातात, आणि ती वारंवार बदलावी लागतात. खरा घोटाळा इथेच होतो, कारण या आजारात श्रमाची शिक्षा उशिरा मिळते. श्रम आज झाले तर त्रास बारा तासांनी, कधी दोन दिवसांनी उफाळतो. समजा, रविवारी घरात लग्न होतं, सोमवारी डॉक्टरांनी नवी गोळी सुरू केली आणि मंगळवारी रुग्ण आडवा झाला. घरचे सगळे गोळीलाच दोष देतील. 'ही गोळी सोसत नाही' असा शिक्का बसेल आणि कदाचित उपयोगी पडलं असतं असं औषध कायमचं बाद होईल. उलटही होतं. रुग्ण आठ दिवस सक्तीने पडून राहिला, त्यामुळे थोडं बरं वाटलं, आणि त्याच आठवड्यात सुरू केलेल्या टॉनिकला श्रेय मिळालं. मग ते महागडं टॉनिक वर्षभर चालू राहतं. दोन्ही वेळी माणूस प्रामाणिकपणेच सांगत असतो. पण चढउतार हाच ज्या आजाराचा स्वभाव आहे, तिथे नुसत्या आठवणीवरून औषधाचा न्याय होत नाही.

मोठमोठ्या संशोधकांनाही हा चकवा बसतो. नॉर्वेतल्या डॉक्टरांनी रिटुक्सिमॅब नावाचं औषध तीस रुग्णांवर तपासलं आणि २०११ साली निष्कर्ष छापले. औषध मिळालेल्या पंधरांपैकी दहा जण सुधारले होते. ज्यांना औषधाच्या नावाने नुसतं द्रावण दिलं, त्या पंधरांपैकी फक्त दोघे सुधारले. जगभरच्या रुग्णांना केवढी आशा वाटली असेल! मग त्याच औषधाची १५१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. २०१९ साली तिचा निकाल आला तेव्हा औषध घेणाऱ्यांपैकी २६ टक्के सुधारले होते आणि नुसतं द्रावण घेणाऱ्यांपैकी ३५ टक्के. म्हणजे औषधाचा काही उपयोग नव्हता, आणि औषध न मिळताही तिघांतल्या एकाला बरं वाटलं होतं. काटेकोर चाचणीतही जिथे असं घडतं, तिथे आपल्या घरात दोन-तीन गोळ्या एकदम बदलल्या तर कशाने काय झालं हे कळणार कसं?

दुसरी अडचण अशी की औषधांचे दुष्परिणाम हुबेहूब आजारासारखेच दिसतात. झोपेसाठी आणि दुखण्यासाठी रात्री अमिट्रिप्टिलीन देतात. त्याने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, सकाळी डोकं जड राहतं, उठताना चक्कर येते. धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल देतात, त्याने थकवाच वाढू शकतो. त्यात आपला उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. अमिट्रिप्टिलीनसारख्या औषधांनी घाम कमी येतो आणि शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्यांनी अंगातलं पाणी आणि मीठ आणखी घटतं. थंड देशात लिहिलेल्या पुस्तकातला डोस इथल्या पत्र्याच्या घरात, कूलर बंद पडलेल्या दुपारी तसाच सोसेल असं धरून चालता येत नाही. घाई नसेल तर अशी औषधं सुरू करणं किंवा वाढवणं मृगापर्यंत थांबवता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. गरगरत असेल तर बीपी आणि नाडी आधी झोपून आणि मग उभं राहून मोजून घ्यावी. दहा मिनिटं उभं राहून नाडी तीसने वाढली किंवा वरचं बीपी वीसने उतरलं, तर डॉक्टरांना ते कळायलाच हवं. बीपीचं यंत्र गावातल्या आरोग्य उपकेंद्रातही असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की एका वेळी एकच गोळी बदलावी, ती कमीत कमी डोसाने बदलावी, आणि पुढचा बदल करण्याआधी थांबावं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०२१ची मार्गदर्शिका हेच सांगते की या रुग्णांना औषधं कमी सोसतात, तेव्हा नेहमीपेक्षा कमी डोसाने सुरुवात करून, सोसलं तर हळूहळू वाढवण्याचा विचार व्हावा. नैराश्यासाठी अमिट्रिप्टिलीन ७५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लागतं. इथे १० मिलिग्रॅमची गोळीही पुष्कळ होऊ शकते. थांबायचं किती हे औषधावर आहे. या गोळीचं रक्तातलं प्रमाण स्थिर व्हायलाच साधारण आठवडा लागतो, म्हणून तिसऱ्या दिवशी निकाल देणं हा तिच्यावर अन्याय आहे. डॉक्टरांच्या संमतीने साधी गोळी अर्धी करता येते, पण सावकाश विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कधीही तोडू नये. स्टेरॉइड, अल्प्राझोलाम, प्रोप्रानोलॉल आणि नैराश्याच्या गोळ्या मनाने एकदम बंद करू नयेत. त्या बंद केल्याचा त्रास वेगळाच असतो आणि कधी जिवावर बेततो. मात्र अंगावर पुरळ उठलं, ओठ-चेहरा सुजला, श्वास अडला, छातीत दुखलं, शुद्ध हरपली, डोळे पिवळे झाले किंवा जीव द्यावासा वाटू लागला, तर कसलीही वाट न पाहता दवाखाना गाठावा.

यावर कोणी म्हणेल की हे सारं फुरसतीच्या माणसांचं झालं. ज्याची रोजी बुडते त्याला महिनाभर एकेक गोळी तपासत बसणं कसं परवडेल? आक्षेप खरा आहे. पण एकदम चार औषधं सुरू करून, चारही सोसली नाहीत म्हणून बंद करून, पुन्हा नव्या डॉक्टरकडे नव्याने सुरुवात करण्यात महिने जातात आणि पैसेही. त्या मानाने सावकाशीचा रस्ताच स्वस्त पडतो. दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो, आणि त्यात तथ्य आहे. दुष्परिणाम लिहायला सांगितले की माणूस ते शोधत बसतो आणि नसलेलेही त्याला जाणवू लागतात. म्हणून काय वाटलं यापेक्षा काय करता आलं ते लिहावं. आंघोळ उभ्याने केली की बसून, किती भाकरी थापल्या, दुपारी किती वेळ पडून राहावं लागलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचा हिशेब आणि सिलिंडरची तारीख आपण लिहितोच. त्याच चौकोनात हेही दोन शब्द मावतात. औषध बदलण्याच्या आधीचे आठ-पंधरा दिवसही लिहावेत, नाहीतर तुलना कशाशी करणार? लग्न, प्रवास, मासिक पाळी, कडक ऊन यांची खूण करावी. रुग्णाला लिहायचेही श्रम होत असतील तर घरातल्या शाळकरी पोराने लिहावं. ओपीडीत डॉक्टरांकडे पाच मिनिटं असतात, हे खरंच. तेवढ्यात लांबलचक कहाणी ऐकून होत नाही, पण महिन्याचं एक पान वाचून होतं.

एका अडचणीवर मात्र कॅलेंडरही पुरं पडत नाही, ती म्हणजे कोणती गोळी पोटात गेली हेच माहीत नसणं. कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळतात, एक पांढरी, एक गुलाबी, एक अर्धी. मेडिकलमध्ये पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या दिल्या तर नाव आणि मुदतीची तारीख कित्येकदा दुकानातच राहिलेल्या तुकड्यावर असते. त्यात अकोल्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल दिलेलं असतं, अमरावतीच्या फिजिशियननी अमिट्रिप्टिलीन, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. ही दोन औषधं एकत्र आली तर धोका वाढतो. बिननावाच्या चूर्णात स्टेरॉइड मिसळलेलं आढळल्याच्या घटनाही आपल्या देशात नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून सुटी गोळी घेताना नाव लिहून मागावं, आणि मागताना संकोच करू नये. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव सुवाच्य अक्षरांत, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावं, असा वैद्यकीय परिषदेचा नियम २०१६पासून आहे. प्रत्येक दवाखान्यात जाताना सगळ्या पट्ट्या, पुड्या, काढे आणि चूर्णं एका पिशवीत घालून न्यावीत आणि टेबलावर मांडावीत.

आणि दुष्परिणाम झालाच, तर तो घरात जिरवू नये. भारतीय औषधसंहिता आयोगाच्या देखरेखीखाली देशात औषध-दुष्परिणामांच्या नोंदीचा कार्यक्रम चालतो. १८००-१८०-३०२४ हा त्याचा मोफत क्रमांक आहे, आणि रुग्णाने स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही आहे. हे त्याच औषधामुळे झालं असं सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर नसते. नुसता संशय असला तरी नोंद घेतली जाते. त्रास कोणाला झाला, कोणत्या औषधानंतर झाला, काय झालं आणि कळवणारा कोण, एवढं सांगता आलं तरी पुरे.