जुन्या काचेला नवा रंग



घरोघरच्या माळ्यावर एक मूक समाज नांदत असतो. तोंडाचा टवका गेलेली लोणच्याची बरणी, हॉर्लिक्सची रिकामी बाटली, सरबताच्या दोन-चार शिशा! टाकवत नाहीत म्हणून ठेवलेल्या आणि ठेवल्या म्हणून विसरलेल्या. आयुष्यभर खडू धरलेला हात शाळेतून निवृत्त झाला, तेव्हा त्याला कुंचल्याचा अवकाश मिळाला आणि या मंडळींकडे माझे लक्ष गेले.

आम्हा सातारा-सांगलीकरांना काचेचे कौतुक असणे स्वाभाविकच आहे. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीस १९१६ साली ओगले बंधूंनी काचकारखाना उभारला. तेथील प्रभाकर कंदिलाने गावोगावच्या ओसऱ्या उजळल्या. तो कारखाना आज बंद आहे. परंतु तिन्हीसांजेला कंदिलाची काच चाळलेल्या राखेने हळुवार पुसणारी माझी आई मला अद्यापि दिसते. काजळीचा एक ठिपका राहिला, तरी ती काच पुन्हा हाती घेई. काच कशी पुसावी हे मी तिच्यापासून शिकलो आणि काच रंगविण्याच्या विद्येचे निम्मे मर्म या पुसण्यातच आहे.

त्याचे कारण असे. भिंत, लाकूड किंवा मातीचे मडके रंग थोडाबहुत शोषून घेते. काच काहीच शोषीत नाही. रंग तिच्यावर केवळ बसतो. मधे तेलाचा अंश अथवा बोटाचा ठसा राहिला, की महिन्याभरात रंगाचा पापुद्रा सुटलाच म्हणून समजावे. यास्तव बरणी प्रथम कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजत ठेवावी. गार काचेवर एकदम कढत पाणी ओतू नये, ती तडकते. चिठ्ठीचा डिंक सुटत नसेल, तर त्यावर गोडे तेल चोळावे, मात्र नंतर ते साबणाने निःशेष काढावे. शेवटी स्पिरिटचा बोळा फिरवावा आणि मग बरणी तोंडाशीच धरावी.

चित्रकला न येणाऱ्यांनी संकोच करू नये. कागदावर नक्षी काढून तो कागद बरणीच्या आत, काचेला लावून ठेवावा. बाहेरून ती नक्षी गिरवावी. काच पारदर्शक असल्याचा हा लाभ! उत्तर पेशवाईच्या काळात चीनहून आपल्याकडे आलेल्या काचचित्रांनी हाच गुण वेगळ्या रीतीने साधला होता. तेथे चित्र काचेच्या पाठीवर रंगवीत. म्हणून डोळ्यांची रेषा आधी, चेहरा त्यानंतर आणि आकाश सर्वांत शेवटी! पुढे आपल्या चित्रकारांनीही ही रीत उचलली. आपल्याला एवढे कसब नको. एनॅमलचा किंवा काचेसाठी मिळणारा रंग पातळ हाताने द्यावा, एक दिवस सुकू द्यावा, मग दुसरा हात द्यावा. खाण्याचा पदार्थ ठेवायचा असल्यास आतून रंग मुळीच लावू नये आणि कडेपासून बोटभर जागा कोरी सोडावी.

आता माझी एक चूक सांगतो. द्राक्षबागेत फवारणीच्या औषधाची बाटली म्हणून वापरलेली एक शिशी एका परिचिताने मला दिली. घाट डौलदार होता. मी ती धुतली, तिच्यावर मोगऱ्याचा वेल काढला, आणि कुंचले धुण्याचे टर्पेंटाइन तिच्यात भरून खिडकीत ठेवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार वर्षांचा नातू आला. फुलांची बाटली म्हणजे सरबताची, असा त्याने सरळ अर्थ केला. पेला ओठाशी गेला होता. सूनबाईंनी तो हिसकावला म्हणून अनर्थ टळला. त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलाने चूक केली नव्हती. त्या वेलाने त्याला जे सांगितले, ते त्याने ऐकले. आणि वेल मी काढला होता.

तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. ज्या बाटलीत विषारी द्रव्य होते, तिला रंग लावावयाचा नाही. ती घरातच आणावयाची नाही. आणि रंगविलेल्या बाटलीत फिनेल, रॉकेल अथवा टर्पेंटाइन कधीही भरावयाचे नाही. जुन्या वस्तूला नवा जन्म देताना तिचा पूर्वजन्म विचारून घ्यावा लागतो.

ती शिशी मी मोडली. तोंडाचा टवका गेलेली बरणी मात्र रंगविली. तिच्यात आता माझे कुंचले उभे असतात आणि नातवासमोर मी ती दर सुट्टीत पुसतो. पुसताना एखादा ठिपका राहिला, की तोच मला दाखवून देतो.