नाव एकाचे, हात दुसऱ्याचा

मंडळी, आज आपण एका चोरीबद्दल बोलू. या चोरीत घराचे कुलूप तुटत नाही. कणगीतले धान्य कमी होत नाही. चोरीला जाते ते आपले नाव.

नाव कसे चोरीला जाईल, असे तुम्ही म्हणाल. पण आपल्या वाडवडिलांना ही चोरी ठाऊक होती. कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा आणि मजकूर मागाहून लिहायचा, असा उद्योग काही सावकार करीत. अंगठा खरा, मजकूर खोटा. कोर्टात अंगठा दाखवला की कास्तकार गप्प! आज कागदाच्या जागी कॉम्प्युटर आला, अंगठ्याच्या जागी पासवर्ड आला. डाव जुनाच आहे.

आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातली गोष्ट घ्या. आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाचे गाव आहे. वस्ती 1,500 च्या आसपास. अशा गावात वर्षाकाठी वीस-पंचवीस पाळणे हलायचे. पण सप्टेंबर ते नोव्हेंबर 2025 या तीन महिन्यांत त्या ग्रामपंचायतीच्या नावावर 27,000 हून अधिक जन्म नोंदले गेले. हिशेब करा. दिवसाला जवळजवळ तीनशे बाळंतपणे! घरोघरी रोज बारसे घातले तरी पुरे पडायचे नाही.

अशा वेळी पहिले बोट ग्रामपंचायतीकडे जाते. नोंद तिच्या नावाने आहे ना? मग तिनेच केली असणार. पण थांबा. जन्ममृत्यूची नोंद आता सरकारच्या ऑनलाइन वहीत होते. प्रत्येक ग्रामपंचायतीला त्या वहीची एक किल्ली दिलेली असते. तिला आयडी म्हणतात. चौकशीत दिसून आले की शेंदुरसनीचा आयडी मुंबईशी जोडलेला होता. गाव आर्णीत आणि किल्ली मुंबईत! पोलिसांत गुन्हा दाखल झाला. सरकारने खास तपास पथक नेमले.

खोट्या जन्माचा उपयोग तरी काय, असे कोणी विचारील. 1 ऑक्टोबर 2023 पासून कायदा बदलला आहे. त्या दिवसापासून जन्मलेल्यांना शाळा, आधार, मतदार यादी, वाहन परवाना, सगळीकडे जन्माचा दाखला हाच मुख्य पुरावा. म्हणून दाखल्याला किंमत आली.

दुसऱ्याच्या यंत्रात चोरवाटेने शिरणे याला हॅक करणे म्हणतात. चोराला फार हुशारी लागते असे नाही. कुठे पासवर्ड कागदावर लिहून कॉम्प्युटरलाच चिकटवलेला असतो. कुठे आपण फोनवर आलेला ओटीपी कोणालाही वाचून दाखवतो. कुठे लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल उघडली, की फोनचा ताबा दुसऱ्याकडे जातो.

आता खरा पेच इथे आहे. उद्या कोणीही लबाड म्हणेल, “साहेब, मी नाही केले, माझा कॉम्प्युटर कोणी फोडला!” मग खरे कसे ओळखायचे? आम्हाला वाटते, नुसते नाव पाहून कोणाला चोर म्हणू नये आणि नुसते “हॅक झाले” ऐकून कोणाला सोडूही नये. यंत्र मुके असले तरी टिपण ठेवते. कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणाहून, कोणत्या फोनवरून किल्ली फिरली, ते तिथे उमटते. तो माणूस त्या वेळी कुठे होता? पैसा कोणाच्या खात्यात गेला? पैशाचा माग बहुधा खोटे बोलत नाही.

कधी हा माग फार खोल असतो. भीमा कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी एप्रिल 2018 मध्ये रोना विल्सन यांचा कॉम्प्युटर जप्त केला. त्यातली पत्रे त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडली. बचावाच्या वकिलांनी त्याची नक्कल अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेकडून तपासून घेतली. तिचा अहवाल फेब्रुवारी 2021 मध्ये बाहेर आला. जून 2016 मध्ये एका ईमेलमधून कोणी आत शिरला, 22 महिने आत राहिला आणि पत्रे त्यानेच ठेवली, असे तिने म्हटले. तिने कारणही दिले. काही पत्रे लिहायच्या नव्या प्रोग्रामात तयार झाली होती, आणि विल्सन यांच्या कॉम्प्युटरवर जुना होता. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हा अहवाल मानला नाही. जानेवारी 2025 मध्ये मुंबई हायकोर्टाने विल्सन यांना जामीन दिला, तो खटला लांबल्यामुळे. जामीन म्हणजे निवाडा नव्हे, हे ध्यानात घ्या.

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

समजा, तुमच्या नावाने कोणी पैसे मागितले आणि लोक तुमच्या दारात आले. घाबरून फोन पुसून टाकू नका. पुष्कळ जण हेच करतात. फोन पुसला की चोराची पावलेही पुसली जातात. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा. ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. फोन जप्त झाला तर त्यातल्या मजकुराचा हॅश नावाचा आकडा काढतात. आत एक अक्षर बदलले तरी तो आकडा बदलतो. तो केव्हा काढणार, ते विचारा. पंचनाम्यात फोनचा पंधरा आकडी नंबर बरोबर लिहिला आहे का, ते स्वतः वाचून पाहा. फोनवर *#06# दाबले की तो नंबर दिसतो. आज घरी गेल्यावर तो आपल्या वहीत उतरवून ठेवा.