रेशनच्या पिशवीत बाजरी हवी

९ ऑगस्ट २०११ रोजी पवना जलवाहिनीला विरोध करणारे मावळातील तीन शेतकरी बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात मृत्युमुखी पडले. शहर आणि शेत यांना त्या दिवशी परस्परांसमोर उभे केले गेले. वस्तुतः पिंपरी-चिंचवडचा कामगार आणि खेड-मावळचा शेतकरी यांचे हितसंबंध अन्नाच्या प्रश्नावर एकच आहेत.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याची तरतूद आहे; तरीही रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळच मिळतो. लोहयुक्त बाजरी खेडच्या कोरडवाहू जमिनीत पिकते. २०२५-२६ साठी तिचा हमीभाव क्विंटलला २,७७५ रुपये ठरला. परंतु सरकारी खरेदीवाचून हमीभाव केवळ कागदावर राहतो. कर्नाटकात नाचणी आणि ज्वारी रेशनवर दिली जाते. मग महाराष्ट्रात हे अशक्य का मानावे?

आपली मागणी स्पष्ट असावी: चाकणच्या बाजारात हमीभावाने बाजरी खरेदी व्हावी आणि तीच भोसरी-निगडीच्या रेशन दुकानांत मिळावी. परप्रांतीय कामगारांवर भाकरीची सक्ती नको; धान्य निवडण्याचा अधिकार हवा.

कामगार संघटनांनी ही मागणी उचलली, तर हमीभावाचा लढा एकट्या शेतकऱ्याचा राहणार नाही.