पुसून उजळणारा घोडा

(हीरक महोत्सवी व्याख्यानाचा सारांश, महादेवपुरा, बेंगळुरू)



चित्रकलेच्या तासाला खोडरबर मागणारे मूल बहुधा अपराधी चेहऱ्याने उभे असते. खोडणे म्हणजे चुकणे, ही समजूत शाळांनीच त्याच्या मनात रुजवली. तैलरंगात मात्र एक जुनी रीत अशी आहे, की तिच्यात पुसणे हेच रेखाटणे असते.

घोड्याचे चित्र म्हटले की पंढरपुरात जन्मलेले हुसेन आठवतात. त्यांचे घोडे जोरकस रेषांतून, रंग चढवून उभे राहिले. या रीतीत प्रवास उलटा. पांढऱ्या, गुळगुळीत अस्तराच्या कॅनव्हासवर टर्पेंटाइनने पातळ केलेला गडद तपकिरी रंग, बहुधा बर्न्ट अंबर, सर्वत्र फासतात आणि तो ओला असतानाच सुती फडक्याने टिपून काढतात. कोरड्या फडक्याने मधली छटा उरते. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने खालचे पांढरे अस्तर उघडे पडते. आयाळ ब्रशच्या दांड्याने ओरखडून निघते. तरुण रेम्ब्रांटने आत्मचित्रातील आपले कुरळे केस ओल्या रंगात असेच ओरखडले होते. नाकपुडी, डोळा, पोटाखालची सावली यांना हात लावायचा नाही. अंबरमधील मँगनीजमुळे हा रंग लवकर वाळतो. म्हणून पुसण्याचे काम शक्यतो एका बैठकीतच उरकावे लागते.

तांबूस घोड्याला ही रीत विशेष मानवते. त्याच्या कांतीचा रंग कॅनव्हासवर आधीच असतो. काढायचा असतो तो खांद्यावरचा आणि पुठ्ठ्यावरचा उजेड. पण तो नेमका कुठे पडतो हे ठाऊक नसेल, तर फडके आंधळे. इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्स यांनी त्यासाठी सुमारे १८ महिने मृत घोड्यांचे विच्छेदन केले आणि १७६६ मध्ये अश्वशरीररचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलांकडून एवढी अपेक्षा कोणी करणार नाही (पालक तर मुळीच करू देणार नाहीत!), तरी जिवंत घोडा डोळे भरून पाहिलेला असावा.

महादेवपुऱ्याच्या वाहनांच्या गर्दीत तो कुठला दिसायला? पण याच कर्नाटकातून, बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून, शितोळे सरकारांचे दोन अश्व दरवर्षी वारीसाठी आळंदीला जातात. एकावर पताका घेतलेला स्वार. दुसऱ्याची पाठ माउलींसाठी मोकळी. रिंगणात तो धावतो तेव्हा त्या मोकळ्या पाठीवर पडलेले ऊन ज्याने पाहिले, त्याला फडके कुठे फिरवायचे ते सांगावे लागत नाही. रिंगणाचे दिवस शाळेचे असतात, हे खरे. तरी त्यासाठी एका दिवसाच्या रजेची चिठ्ठी आली, तर ती शाळेने नाकारू नये.